‘स्टार ट्रेक’ : एका आवडीचा जमाखर्च



या व्यासपीठावरून बोलावयाचे म्हणजे विषय भारदस्त हवा, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. काल येथे अर्थकारणावर व्याख्यान झाले, उद्या संतवाङ्मयावर होणार आहे. या दोहोंच्या मध्ये आम्ही उभे आहोत आणि आमचा विषय आहे दूरचित्रवाणीवरची एक अमेरिकन मालिका! आम्ही विषय कळविला तेव्हा चिटणिसांनी उलट विचारणा केली, की लिहिण्यात काही चूक तर झाली नाही ना? चूक झालेली नाही. आम्ही या विषयातले पंडित नव्हे, नुसते चाहते आहोत. पण चाळीस वर्षे एखाद्या गोष्टीवर जीव लावल्यावर, आपण त्या पेढीत काय ठेवले आणि आपल्याला काय मिळाले, हा हिशेब माणसाने एकदा तरी मांडावा. तो आज आपल्यापुढे मांडतो.

ऐंशीच्या दशकात ‘स्टार ट्रेक’ दूरदर्शनवर दाखविली जात असे. आमच्या वाड्यात त्या वेळी एकच संच होता आणि त्यासमोर बसणारी मंडळी तीसपस्तीस. इंग्रजी कळणारे दोघे-तिघे. त्यांत आम्ही नव्हतो. टोकदार कानांचा एक गंभीर गृहस्थ, त्याच्यावर सदैव खेकसणारा एक डॉक्टर आणि त्या दोघांचेही ऐकून घेऊन मग हुकूम सोडणारा एक कप्तान, एवढेच आम्हांला समजत असे. पण आज वाटते, की त्या मालिकेतले मुख्य तेवढेच होते आणि भाषा न कळताही ते आमच्या पदरात पडले होते.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडा इतिहास सांगतो. जीन रॉडनबेरी या लेखकाने ती निर्माण केली. पहिला नमुना-भाग एनबीसी या वाहिनीने नाकारला. तो फार बौद्धिक झाला आहे, असे कारण दिले गेल्याचे सांगतात. त्या भागात यानावरची दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी एक स्त्री होती, तीही वाहिनीला रुचली नाही. या बाईंचे नाव श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे, असे सांगितले असते. पण बिचारीला नावच दिलेले नव्हते. तिला नुसते ‘नंबर वन’ म्हणत! पुढे दुसरा नमुना तयार झाला आणि 8 सप्टेंबर 1966 रोजी मालिका सुरू झाली. प्रेक्षक बेताचेच. दुसऱ्या वर्षाच्या सुमारास ती बंद पडणार अशी वदंता उठली, तेव्हा चाहत्यांनी वाहिनीकडे पत्रांचा वर्षाव केला आणि आणखी एक वर्ष मिळविले. अखेर 79 भागांनंतर जून 1969 मध्ये ती संपली. त्यानंतर दीड महिन्याने माणसाने चंद्रावर पाऊल ठेवले! खरी लोकप्रियता मिळाली ती पुढे, पुनःप्रक्षेपणात. मग 1979 पासून चित्रपट निघाले, 1987 पासून नव्या मालिका निघाल्या आणि एका बंद पडलेल्या कार्यक्रमाचा वंशविस्तार झाला.

आता जमेची बाजू घेऊ. रिवाज असा, की येथे विज्ञानाची गोष्ट काढावयाची. आम्ही ती काढणार नाही. माणूस एका ठिकाणी विरघळून दुसऱ्या ठिकाणी प्रकट होतो, ही युक्ती त्यांनी काढली ती विज्ञानासाठी नव्हे; दर आठवड्याला यान ग्रहावर उतरवून दाखविण्याचा खर्च परवडत नव्हता म्हणून! विज्ञान हा या मालिकेचा अंगरखा आहे.

यानावर कोण बसले होते, हे मात्र सांगितले पाहिजे. शीतयुद्ध ऐन भरात असताना तेथे एक रशियन तरुण सुकाणूपाशी बसला. त्याच्या शेजारी सुलू हा आशियाई अधिकारी. ते काम करणाऱ्या जॉर्ज ताकेई यांना लहानपणी, दुसऱ्या महायुद्धात, केवळ जपानी वंशाचे म्हणून कुटुंबासह अमेरिकेतल्याच छावण्यांत कोंडले गेले होते. संदेशवहनाची अधिकारी उहुरा ही कृष्णवर्णीय स्त्री. ते काम करणाऱ्या निशेल निकल्स पहिल्या वर्षानंतर मालिका सोडण्याच्या बेतात होत्या. तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांनी आपल्याला थांबविले, असे त्या सांगत. पुढे 1977 मध्ये याच बाई नासाच्या वतीने गावोगाव हिंडल्या आणि स्त्रियांनी व कृष्णवर्णीयांनी अंतराळवीर होण्यासाठी अर्ज करावेत, म्हणून त्यांनी प्रचार केला. आपल्या मुंबईची एक मुलगीही त्या यानावर चढली. 1965 च्या ‘मिस इंडिया’ पर्सिस खंबाटा यांनी 1979 च्या पहिल्या चित्रपटात डोक्याचे मुंडण करून एका परग्रहवासिनीचे काम केले.

पण ही माणसे जमवून मालिकेने काय केले? त्यांना एका मेजाभोवती बसविले. आमच्या मते ‘स्टार ट्रेक’चे सारे मर्म त्या मेजाशी आहे. संकट आले की कप्तान विचारतो, ‘तुमचे काय मत?’ एकजण तर्काने बोलतो, दुसरा कळवळ्याने बोलतो, तिसरा आधी चूक ठरतो आणि मग बरोबर. निर्णय कप्तानाचा, पण तो ऐकून घेतल्यावर. इतर कथांत वीर तलवार उपसतो, येथे तो कान उघडतो. दुसऱ्याचे म्हणणे समजून घेणे हाच पराक्रम, असे मानणारी इतकी दीर्घायुषी साहसकथा आम्हांला तरी दुसरी ठाऊक नाही.

उदाहरणे देतो. 1967 च्या एका भागात एका ग्रहाच्या खाणीत कोणी अज्ञात प्राणी कामगारांना मारीत सुटला आहे. पन्नासावर माणसे मेली आहेत. दृश्य म्हणाल तर हास्यास्पद, घोंगड्यासारखे काही पांघरून एक नट रांगतो आहे! कप्तान मारण्याच्या निश्चयानेच आलेला असतो. पण टोकदार कानांचा स्पॉक त्या प्राण्याच्या मनाशी मन भिडवितो आणि कळते, की ती एक आई आहे. खाणवाले जे गुळगुळीत गोळे कुतूहल म्हणून उचलीत होते आणि हजारोंनी फोडीत होते, ती तिची अंडी. खुनी कोण आणि पीडित कोण, याचे उत्तर एका क्षणात पालटते.

1991 च्या एका भागात कप्तान पिकार्डची गाठ अशा लोकांशी पडते, ज्यांची भाषा शब्दशः कळते पण अर्थ लागत नाही. कारण ते केवळ आपल्या पुराणकथांतील नावांनी बोलतात. इंग्रजी प्रेक्षकांना ही कल्पना फार अद्भुत वाटली. आम्हां मराठी माणसांना तीत अद्भुत ते काय? आपण ‘घरचा बिभीषण’ म्हणतो, ‘लंकेची पार्वती’ म्हणतो, ‘द्रौपदीची थाळी’ म्हणतो. ज्याला कथा ठाऊक नाही त्याने शब्दकोश उघडून काय करावे? त्या भागात परका कप्तान आपली भाषा पिकार्डला समजावी म्हणून त्याच्यासह एका श्वापदापुढे उभा राहतो आणि त्यात प्राण गमावतो. एक वाक्य कळावे म्हणून दिलेला जीव! आम्ही तो भाग अनेकदा पाहिला आहे आणि दर वेळी शेवटी चष्मा पुसला आहे.

तिसरे उदाहरण 1989 चे. डेटा हा यंत्रमानव स्वतंत्र व्यक्ती की सरकारी मालमत्ता, असा खटला उभा राहतो. हा भाग लिहिणाऱ्या मेलिंडा स्नॉडग्रास स्वतः वकिली केलेल्या होत्या. गंमत अशी, की डेटाच्या विरुद्ध बाजू मांडण्याचे काम त्याच्याच मित्रावर येते, आणि त्याने ते मनापासून केले नाही तर डेटा विनाखटला हरणार! मित्र जीव तोडून विरोधात बोलतो. निकाल डेटाच्या बाजूने लागतो. मित्र शरमेने दूर बसतो, तेव्हा डेटा त्याला सांगतो, की तू विरुद्ध बोललास म्हणूनच मी वाचलो. विरोधकाची गरज याहून सुंदर रीतीने कोणी सांगितली असेल, तर आम्हांला ते ऐकावयाचे आहे.

आता खर्चाची बाजू. चाहत्याने ती लपवू नये. समतेच्या गप्पा मारणाऱ्या पहिल्या मालिकेत स्त्रियांचे पोशाख कमालीचे तोकडे आणि अधिकार त्याहून तोकडे. तिच्या 1969 मधील अखेरच्या भागात तर कप्तानपद न मिळाल्याने वेडीपिशी झालेली एक बाई दाखविली आहे. 1967 मध्ये उत्तर हिंदुस्थानातला शीख म्हणून जो खान आणला, त्याचे काम मेक्सिकोच्या रिकार्डो मोंताल्बान यांनी केले. त्यांनी ते बहारीने केले, हे मान्य. पण 2013 मध्ये तीच भूमिका बेनेडिक्ट कंबरबॅच या गोऱ्या इंग्रज नटाकडे गेली, तेव्हा सेहेचाळीस वर्षांत आपण पुढे आलो की मागे गेलो, असा प्रश्न आम्हांला पडला.

याहून मोठा खर्च मात्र आमच्या खात्यावरचा आहे. 1998 साली ‘डीप स्पेस नाइन’ या मालिकेत एक भाग आला. युद्ध हातचे जाते आहे. कप्तान सिस्को खोटा पुरावा तयार करवून तटस्थ राष्ट्राला युद्धात ओढतो. त्या पायी खून होतात. शेवटी तो सारी कबुली रोजनिशीत नोंदवितो आणि ती नोंद पुसून टाकतो. आमचे एक बालमित्र आहेत, वाड्यात त्याच संचासमोर आमच्या मांडीला मांडी लावून बसणारे. त्यांचे मत, सिस्कोने केले ते योग्यच केले. कोट्यवधी जीव वाचले. आमचे मत, मेजाभोवती बसून ठरविण्याची गोष्ट त्याने अंधारात ठरविली, तेथेच तो हरला. वाद एका संध्याकाळी एवढा वाढला, की आम्ही त्यांना निर्दय म्हणालो आणि ते आम्हांला भाबडे म्हणाले. मग दोन वर्षे अबोला! ऐकून घेण्याची थोरवी सांगणाऱ्या मालिकेचे दोन निस्सीम चाहते एकमेकांचे तोंड पाहीनात. आपण हसलात, हसण्यासारखेच आहे. पण त्या दोन वर्षांत त्यांच्या मातोश्री गेल्या आणि आम्ही दारापर्यंत जाऊन परत आलो, हे आठवले की आम्हांला हसू येत नाही.

2020 च्या टाळेबंदीत एके रात्री त्यांचा दूरध्वनी आला. म्हणाले, ‘तो भाग आता लावतो आहे. तूही लाव.’ दोन घरांत, दूरध्वनी कानाशी धरून, आम्ही तो पाहिला. संपल्यावर ते म्हणाले, ‘आता तुझे म्हणणे सांग. मी मध्ये बोलत नाही.’ आम्ही सांगितले. मग त्यांनी सांगितले. त्यांच्या बोलण्यातून प्रथमच कळले, की सिस्कोची बाजू घेताना ते स्वतःच्या आयुष्यातल्या एका अवघड निर्णयाविषयी बोलत होते. कोणता, ते येथे सांगणे नाही. वाईट एवढेच वाटले, की हे कळावयाला आम्हांला इतका काळ लागला. मत आमचेही बदलले नाही, त्यांचेही नाही. मतभेद कायम राहिला; अबोला गेला.

नव्या मालिकांविषयी आम्हां जुन्या मंडळींची नेहमीची तक्रार असते, की आता नुसती युद्धे, नुसता अंधार. तीत तथ्य आहे. 2017 ची ‘डिस्कव्हरी’ युद्धानेच सुरू झाली. पूर्वी वर्षाला सव्वीसच्या आसपास भाग असत, आता बहुधा दहा. दहा भागांत विश्व वाचवावयाचे म्हटल्यावर मेजाभोवती बसावयास फुरसत कोणाला? तरीही आम्ही निराश नाही. मघाशी जिला नावही नव्हते म्हणून सांगितले, ती पहिल्या नमुन्यातली बाई 2022 पासूनच्या ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’मध्ये ऊना या नावाने आणि दुसऱ्या क्रमांकाच्या आपल्या पूर्ण अधिकारासह परत आली. 2023 च्या एका भागात जन्माने मिळालेली आपली जात लपविल्याबद्दल तिच्यावर खटला चालतो आणि तिची वकील असते, वर्षानुवर्षे दुरावलेली तिची एक मैत्रीण! दोघींचा राग गेलेला नसतो. तरी मैत्रीण उभी राहते, बोलते आणि जिंकते. तो भाग संपताक्षणी आम्ही दूरध्वनी उचलला. कोणाला लावला, हे सांगावयास नको.

तेव्हा जमाखर्चाची शिल्लक अशी. माणसे परग्रहांवर जातील की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. पण कोठेही गेली तरी एक मेज त्यांना बरोबर न्यावे लागेल आणि ‘तुमचे काय मत?’ हा प्रश्न मनापासून विचारावा लागेल. आपण सर्व या उकाड्यात, पंख्याखाली, एका चाहत्याचे म्हणणे तासभर ऐकून घेत बसलात, हे त्याच कुळातले काम आहे. आमचे बोलणे येथे संपले. समोर दुसऱ्या रांगेत आमचे ते मित्र बसलेले आहेत. सिस्कोची बाजू ज्यांना ऐकावयाची असेल, त्यांनी व्याख्यानानंतर त्यांना गाठावे. आम्हीही तेथेच असू; मध्ये बोलणार नाही.