तबकडीवरचं शेवटचं गाणं

(मंडळाच्या व्यासपीठावर गेल्या गणेशोत्सवात झालेलं भाषण)



आम्ही काही संगीतातले जाणकार नाही. विद्युत शाखेची पदविका घेतली, राज्य शासनाच्या नोकरीत लागलो आणि तारा, मीटर, फायली यांत वीस वर्षं गेली. तरी कार्यकारिणीने जुन्या रेकॉर्डींवर बोलायला सांगितलं. कारण उन्हाळ्यात आमच्या घरातली रेकॉर्डींची पेटी भंगारात जाता जाता वाचली, हे देडतलाईत सगळ्यांना कळलं आहे.

झालं असं. बाबा गेल्यावर जुन्या घराची दुरुस्ती काढली. माळ्यावरून पेटी खाली आली. दादा पुण्याहून आला होता. तो म्हणाला, "ही सगळी गाणी मोबाइलवर आहेत. जागा कशाला अडवायची?" भंगारवाला ओट्यावर येऊन बसलाही होता. तेव्हा आम्हाला आजीचं एक वाक्य आठवलं.

आमच्या लहानपणी घरात एक मोठी रेकॉर्ड होती. बाबांनी ती मुद्दाम निवडून घेतली होती, कारण तेवढ्याच पैशात तिच्यावर इतरांपेक्षा जास्त गाणी होती. प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं लागलं की आवाज थोडा चिरका व्हायचा, "स" आणि "श" फुसफुसायचे. आजी म्हणायची, "शेवटपर्यंत गाऊन बाई दमते रे!" आम्ही हसायचो. बाबा सुई बदलायचे, दुकानदाराला दोष द्यायचे. पुढे पदविकेचा अभ्यास करताना कळलं की आजीचं बरोबर होतं. फक्त दमत होती ती बाई नव्हे, दमत होती तबकडी.

हिशेब सोपा आहे, बालमित्रांनीही करून पाहावा. मोठी, म्हणजे १२ इंची एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. बाहेरच्या कडेला एका फेऱ्यात सुईखालून सुमारे ९२ सेंटिमीटर चर जातो. मधल्या लेबलाजवळ तोच फेरा जेमतेम ३८ सेंटिमीटरचा राहतो. वेळ तेवढाच, गाणं तेवढंच, आणि लिहायला जागा निम्म्याहूनही कमी! एकच पत्र आधी मोठ्या कागदावर आणि मग पोस्टकार्डावर लिहावं तसं. अक्षर बारीक होतं, सुईला वेलांट्या नीट वाचता येत नाहीत. म्हणून शेवटचं गाणं फुसफुसतं.

दुसरी अडचण वेळेची. एलपीवर चर कोरायला साधारण साडेआठ सेंटिमीटर रुंदीचा पट्टा मिळतो. एका बाजूला २० मिनिटं भरली तर सुमारे ६६७ फेरे होतात आणि प्रत्येक फेऱ्याला ०.१३ मिलिमीटर जागा मिळते. ३० मिनिटं भरली तर फेरे १,००० आणि जागा ०.०८५ मिलिमीटर. तबल्याचा डग्गा किंवा ढोल वाजला की चर दोन्ही बाजूंना नागमोडी हलतो. शेजारच्या चराला धक्का लागू नये म्हणून कोरणाऱ्याला आवाजच बारीक करावा लागतो, खर्ज कमी करावा लागतो. अंथरूण पाहून पाय पसरावे, तसा हा प्रकार. मग आपण घरी आवाज वाढवतो, आणि गाण्याबरोबर खरखरही वाढते. बाबांना जास्त गाणी मिळाली होती, पण चहात पाणी घालून कप वाढवावेत तशी.

एलपी आली १९४८ साली, अमेरिकेत. त्याआधी जगभर मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या होत्या आणि १० इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावत. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित झालं तेव्हा त्या शेवटी स्वतःचं नाव सांगत, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार व्हायच्या आणि तिथल्या कारागिरांना गायिका ओळखता यायला हवी. तासभर गाणाऱ्यांनी तीन मिनिटांत राग मांडायचा! मिरजेचे उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले, एलपी त्यांना दिसलीच नाही. आज त्यांचा जो आवाज आपल्याजवळ आहे, तो त्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तुकड्यांतच. काय गाळायचं हे त्यांना ठरवावं लागलं, आणि जे ठेवलं ते अजून टिकून आहे.

पुढे १९५५ साली न्यूयॉर्कमध्ये उस्ताद अली अकबर खाँ यांची एलपी झाली. एका बाजूला एक राग, दुसऱ्या बाजूला दुसरा. आपल्या इंदूरच्या उस्ताद अमीर खाँ यांच्या प्रसिद्ध एलपीवर एकीकडे मारवा आणि दुसरीकडे दरबारी आहे. विलंबित ख्यालाला पाय पसरायला तबकडीवर पहिल्यांदा जागा मिळाली. तेव्हा लांब तबकडी वाईट, असं आमचं म्हणणं नाही. तिने मोठं काम केलं. पण मर्यादा सोडून भरली की तीच तबकडी आवाज खाते.

आणखी एक गोष्ट आपल्या मातीची. ७८ फेऱ्यांच्या तबकड्या दगडाच्या भुकटीत लाख मिसळून करत. लाखेचा किडा पळस, बोर, कुसुम या झाडांवर वाढतो, आणि ही लाख मुख्यतः हिंदुस्थानातूनच जगभर जाई. फाल्गुनात धारणी रस्त्याने जाताना फुललेला पळस आपण सगळेच पाहतो. त्या जातीच्या झाडावरची लाख परदेशात जायची आणि गाणं होऊन परत यायची.

आता भंगारवाल्याकडे येऊ. आम्ही त्याला चहा दिला आणि थांबायला सांगितलं. पेटीत एक छोटी, ७ इंची, ४५ फेऱ्यांची रेकॉर्ड होती. तिच्यावर चारच गाणी. त्यातलं पहिलं भावगीत मोठ्या रेकॉर्डवर नेमकं शेवटी होतं. आधी मोठी लावली. दादा म्हणाला, "बघ, जुनं ते असंच वाजणार." मग छोटी लावली. तेच गाणं, तीच बाई. पण इथे चर सुईखालून सेकंदाला सुमारे ४० सेंटिमीटर जात होता, तिथे २१. शब्दन् शब्द स्वच्छ. कडव्याच्या आधी बाईंनी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आजी असती तर म्हणाली असती, आज बाई ताजीतवानी आहे." भंगारवाला रिकाम्या हातांनी गेला, पण गाणं संपेपर्यंत उठला नाही.

आम्ही दोघा भावांनी त्या दिवशी ठरवलं, पेटी राहणार. मोठी रेकॉर्डसुद्धा राहणार, कारण ती बाबांनी हौसेने घेतलेली. त्यांनी गाणी मोजली, आम्ही आवाज मोजला. दोघांचंही मोजणं घरासाठीच होतं.

म्हणून आपणा सर्वांना विनंती. बुऱ्हाणपूर, खंडवा, नेपानगर, जिथे जिथे आपली जुनी घरं आहेत, तिथले माळे विकण्याआधी एकदा पाहा. रेकॉर्डी आडव्या रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. उन्हात ठेवू नका. ७८च्या तबकड्यांवर एलपीची बारीक सुई लावू नका, त्यांचा चर रुंद असतो. आणि त्या हातातून सोडू नका, लाखेची तबकडी पडली की फुटलीच. कुणाकडे यंत्र नसेल तर आमच्याकडे या, बसून ऐकू.

कार्यकारिणीलाही एक विनंती, रागावू नये. आपल्या मुलांचा कार्यक्रम दोन तासांचा, आणि त्यात यंदा चोवीस बाबी आहेत. शेवटच्या मुलीचं गाणं येईपर्यंत माईकही दमतो आणि आपणही. बाबी थोड्या कमी करा, पण त्या मुलीला पूर्ण गाऊ द्या.

अध्यक्ष घड्याळाकडे पाहू लागले आहेत, म्हणजे आमची तबकडीही लेबलाजवळ आली. आवाज चिरका होण्याआधी सुई उचलतो.

गणपती बाप्पा मोरया!