हाताआडची ज्योत



मला ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हा विषय सुचवला होता. तो मी बदलून घेतला. त्यावर तुम्हाला रोज कुणी ना कुणी ऐकवतच असतं. त्याऐवजी पडद्यावरच्या या चित्राबद्दल बोलते. एका हातात दिवा घेतलेली बाई, ज्योतीपुढे दुसऱ्या हाताचा आडोसा. कॅलेंडरवर पाहिलं असेलच. नाव ‘ग्लो ऑफ होप’.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, हे चित्र राजा रविवर्म्यांचं नाही. ते १९०६ साली गेले. त्यानंतर साधारण चाळीस वर्षांनी सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी हे रंगवलं. दिवा घेऊन उभी आहे ती त्यांची मुलगी. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. आणि ते जलरंगातलं आहे!

एलिमेंटरीला बसलेल्यांना यातली गोम कळेल. पारदर्शक जलरंगात उजेड रंगवता येत नाही, तो राखावा लागतो. उजळ दिसतो तो खालचा कागद. तैलरंगात चूक झाली तर वरून पांढरा थर देता येतो. इथे अंधार एकदा कागदात मुरला की मुरला. म्हणजे एवढा काळोख भरताना, कुठे हात लावायचा नाही हे त्यांना आधीच ठरवावं लागलं असणार.

आता सर वस्तुचित्राच्या वेळी सांगायचे तसे डोळे बारीक करा. साडी गेली, दागिने गेले. उरला तो हात, चेहरा आणि भोवतीचा अंधार. दिव्यापासून अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथ्या हिश्शावर येतो. हे भौतिकशास्त्रात पाठ केलं होतं, इथे ते दिसतं. उन्हात हनुवटीखाली सावली असते. इथे उजेड खालून चढतो, म्हणून ओळखीची चेहरेपट्टीसुद्धा वेगळी वाटते.

पण खरी जागा ती बोटं. ज्योत हातामागे आहे, तरी बोटांच्या कडा लालसर पेटल्यात. प्रकाश कातडीत शिरतो, आत विखुरतो; रक्त हिरवा-निळा शोषून घेतं आणि लाल बाहेर येतो. संगणकावरची माणसं बरीच वर्षं प्लॅस्टिकची दिसायची, कारण प्रकाश कातडीवरूनच परततो असं आमची गणितं धरून चालायची. आत शिरून बाहेर येणाऱ्या प्रकाशाचं हाताळण्याजोगं सूत्र २००१ साली मांडलं गेलं. हळदणकरांनी तेच ओल्या कुंचल्याने केलं होतं, मुलीच्या हाताकडे बघून. मला तर हे आमच्या सूत्राहून अवघड वाटतं.

बॅचच्या देणगीतून संगणक घ्यायचं ठरतंय. मी त्याच धंद्यातली, तरी सुचवते: थोडे पैसे चित्रकलेच्या वर्गासाठी ठेवूया. जाड कागद, बरे जलरंग, एक तांब्या, एक टेबललँप. दुपारीही अंधार करता यावा म्हणून खिडक्यांना काळे पडदे हवेत. ते शिवून आणायचं काम माझ्याकडे.