जिजाऊंच्या जिल्ह्यातील मुली आणि सेबर तलवारबाजी



बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा हे राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान होय. लखुजी जाधवांच्या वाड्यात 12 जानेवारी 1598 रोजी त्यांचा जन्म झाला. दरवर्षी या दिवशी तेथे मोठा जनसमुदाय लोटतो. शाळाशाळांतून मुली जिजाऊंचा वेष धारण करतात, हाती लाकडी तलवार घेतात. दुसऱ्या दिवशी ती तलवार कपाटात जाते. ती मुलींच्या हाती वर्षभर राहील काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

आधुनिक तलवारबाजीत फॉइल, एपी आणि सेबर अशी तीन शस्त्रे आहेत. पहिल्या दोहोंत केवळ टोकाचा स्पर्श ग्राह्य धरला जातो. सेबर हे मूळचे घोडदळाचे शस्त्र. त्यात टोकाबरोबर धारेच्या बाजूने केलेला वारही गुण मिळवून देतो. कमरेच्या वरचे अंग, बाहू आणि मस्तक हे त्याचे लक्ष्य. शस्त्राचे वजन 500 ग्रॅमहून कमी असते. खेळ अतिशय वेगवान असून बाद फेरीत प्रथम 15 गुण मिळविणारी खेळाडू विजयी ठरते.

या खेळात स्त्रियांना प्रवेश सहजासहजी मिळाला नाही. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची सेबर स्पर्धा 1896 पासून आहे. स्त्रियांना फॉइल 1924 मध्ये, एपी 1996 मध्ये आणि सेबर तर थेट 2004 मध्ये अथेन्स येथे खुले झाले. म्हणजे या क्षेत्रात स्त्रियांची ऑलिंपिक परंपरा जगभरातच अल्पवयीन आहे. भारतीय मुली फार मागे राहिल्या आहेत असे मानण्याचे कारण नाही.

याच 2004 साली चेन्नईच्या एका शाळेत भवानी देवी या मुलीने खेळ निवडावयाचा होता. इतर खेळांच्या जागा भरल्या होत्या. तलवारबाजी तेवढी शिल्लक होती. वडील मंदिरातील पुजारी, आई गृहिणी. साहित्य महाग, म्हणून सराव बांबूच्या काठ्यांनी होई; खरी सेबर स्पर्धेपुरतीच हाती येई. 2007 मध्ये तुर्कस्तानातील पहिल्याच आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तीन मिनिटे उशीर झाल्याने त्यांना काळे कार्ड मिळाले व त्या बाद ठरल्या. पुढे केरळमधील थलासेरी येथील केंद्रात त्यांनी शिक्षण घेतले.

2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकसाठी पात्र ठरणाऱ्या त्या पहिल्या भारतीय तलवारबाज ठरल्या. 26 जुलै रोजी त्यांनी ट्युनिशियाच्या नादिया बेन अझीझी यांना 15-3 असे नमविले. नंतर फ्रान्सच्या मानोन ब्रुने यांच्याकडून 7-15 अशी हार पत्करली. त्या पराभवानंतर त्यांनी देशवासीयांची क्षमा मागितली. वस्तुतः क्षमा मागण्याजोगे त्यांच्याकडून काही घडले नव्हते. 2023 च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत, चीनमधील वूशी येथे, त्यांनी तत्कालीन विश्वविजेत्या जपानच्या मिसाकी एमुरा यांना 15-10 असे हरविले. उपांत्य सामना 14-15 असा एका गुणाने गेला, तरी कांस्यपदक मिळाले. या स्पर्धेतील भारताचे ते पहिले पदक. मात्र 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये एकही भारतीय तलवारबाज नव्हता. एका नावावर परंपरा उभी राहत नाही, हाच त्याचा बोध.

परंपरा कशी उभी राहते, याचे उदाहरण बुलढाण्यातच आहे. येथील प्रथमेश जावकार यांनी 2023 मध्ये शांघाय येथील विश्वचषक तिरंदाजी स्पर्धेत कंपाउंड प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदक पटकावले व त्याच वर्षी हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्णातही वाटा उचलला. महानगरापासून दूर असणे हा अडथळा अनुल्लंघनीय नाही, हे यावरून सिद्ध होते.

तलवारबाजीचा प्रारंभ तर शस्त्राविनाही होऊ शकतो. शिक्षकांनी शाळेच्या मैदानावर चुन्याने 14 मीटर लांब व दीड मीटर रुंद पट्टी आखावी. पुढे जाणे, मागे सरणे, झेप घेणे ही पायांची कवायत हाच या खेळाचा पाया होय. प्रत्यक्ष शस्त्र मात्र प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, मुखवटा व संरक्षक पोशाख चढवूनच हाती द्यावे. यात हयगय नसावी. मुखवटे व पोशाख महाग असल्याने दोन-चार शाळांनी मिळून एक संच घ्यावा. पंचायत सदस्यांनी जागा व मुलींच्या ये-जा करण्याची सोय पाहावी, तर अधिकाऱ्यांनी प्रशिक्षकाची भेट नियमित घडवून आणावी. मुलगी मोठी झाली म्हणून तिचा सराव बंद करू नये, हे पालकांना पटवून देण्याचे कार्य सर्वांचेच आहे.

जिजाऊंची जयंती वर्षातून एकदा येते. त्यांच्या जिल्ह्यातील मुलींचा सराव मात्र उरलेल्या 364 दिवसांतही चालू राहिला पाहिजे.