घर पाडण्यापूर्वी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



'कायद्याचे राज्य' हा विषय बायकांच्या सभेला जड होईल, असे एका हितचिंतकांनी मला सुचवले. मी म्हटले, मग राज्याचे राहू द्या, मी घराबद्दल बोलते!

गेल्या काही वर्षांत देशातल्या काही राज्यांत एक नवीच रीत पडली. एखाद्यावर गुन्ह्याचा आरोप आला की दोन-चार दिवसांत त्याच्या दारी बुलडोझर उभा. कागदोपत्री कारण 'अनधिकृत बांधकाम'. पण ते नेमके त्याच आठवड्यात अनधिकृत कसे ठरले, हे कोणी विचारायचे नाही. खरे सांगते, टीव्हीवर ते पाहून एकदा माझ्याही तोंडून 'बरे झाले' असे निघून गेले. मग ढिगाऱ्यातून भांडी वेचणाऱ्या बाया दिसल्या आणि मी गप्प झाले. आरोप मुलावर, घर मात्र सासूचे, सुनेचे, नातवंडांचेही. शिवाय मुलाचा गुन्हा तरी अजून कुठे शाबीत झाला होता?

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने यावर निकाल दिला. न्यायमूर्ती होते आपल्या अमरावतीचे भूषण गवई आणि त्यांच्यासमवेत विश्वनाथन. आरोपी आहे, एवढ्यावरून सरकारी अधिकाऱ्यांनीच न्यायाधीश होऊन घर पाडावे, हे चालणार नाही, असे त्यांनी बजावले. नोटीस रजिस्टर टपालाने पाठवावी, घरावरही चिकटवावी, पंधरा दिवसांची मुदत द्यावी, घरवाल्याचे म्हणणे ऐकावे आणि पाडण्याचा हुकूम झाल्यावर पुन्हा पंधरा दिवस थांबावे. नोटीस निघताच जिल्हाधिकाऱ्यांना ई-मेलने कळवावे, असेही त्यात आहे. ते कशासाठी? मागची तारीख घालता येऊ नये म्हणून! न्यायालयाने आपली माणसे चांगलीच ओळखली आहेत.

अशी नोटीस म्हणजे नुसता उपचार नव्हे. प्रयागराजला २०२१ च्या मार्चमध्ये टपालाची नोटीस हाती पडली आणि दुसऱ्याच दिवशी घरे पाडली गेली. अपील करायला वेळ कुठला? २०२५ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या घरवाल्यांना प्रत्येकी १० लाख रुपये द्यायला लावले. त्या सुनावणीत न्यायमूर्ती भुयान यांनी एका चित्रफितीचा उल्लेख केला. झोपड्या पाडल्या जात असताना एक लहान मुलगी पुस्तके उराशी धरून पळते आहे.

आता कोणी म्हणेल, हे उत्तरेकडचे, आपले काय? मुंबईत १९८१ च्या ऐन पावसाळ्यात फुटपाथवरच्या कुटुंबांना हुसकावून गावी धाडण्याचा हुकूम आपल्याच सरकारने काढला होता. त्याविरुद्ध ओल्गा टेलिस या पत्रकारबाई न्यायालयात गेल्या. पोट भरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्कात येतो, हे १९८५ साली त्या खटल्यातच ठरले. पण फुटपाथवर राहण्याचा हक्क काही मिळाला नाही. आणि २०२४ च्या निकालातही रस्ते, फुटपाथ, नदीकाठ यांवरची अनधिकृत बांधकामे या नियमांतून वगळली आहेत. रस्ता मोकळा हवा, हे मलाही पटते. तरी सर्वांत गरीब बाई नेमकी तिथेच राहते, हे खटकते.

माझी एक सूचना आहे. आपल्या घरी कामाला येणाऱ्या कितीतरी बायका अशाच वस्त्यांतून येतात. पुढच्या महिन्याच्या सभेला त्यांनाही बोलवावे आणि एखाद्या वकीलबाईंकडून नोटीस कशी वाचायची, अपील कुठे करायचे, हे सर्वांनी मिळून समजून घ्यावे. चहाचा खर्च माझ्याकडे.