लहान कारखान्यातील मालक आणि मजूर

संप म्हटला की श्रोत्यांपैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे मुंबईचे परळ-लालबाग उभे राहते: उंच धुराडी, भोंगा, आणि दरवाजाबाहेर पडणारे हजारो कामकरी. परंतु जेथे चार-सहा माणसेच राबतात, तेथे मालक-मजुरांचे नाते कसे असते, हे पाहावयाचे तर इचलकरंजीस जावयास हवे.

१९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी तेथे पहिला यंत्रमाग सुरू केला. पुढे हे माग गल्लोगल्ली पसरले. अशा लहान कारखान्यात मालक प्रत्येक मजुरास नावाने ओळखतो. त्याच्या घरी दुखणे किंवा लग्नकार्य निघाले म्हणजे उचल देतो. ही आपुलकी खोटी नव्हे. मात्र ज्याची उचल अंगावर आहे, त्याच्यापाशी वाढीव मजुरी मागावयाची कोणत्या तोंडाने?

कायद्याचा आधारही येथे तोकडा पडला. १९२६ च्या कायद्यान्वये सात जणांना संघाची नोंदणी मागता येऊ लागली. परंतु १९४७ च्या कायद्यात मालक-मजुरांच्या संयुक्त समितीसाठी शंभर कामगारांची अट होती. १९४८ च्या कारखाना कायद्यात, यंत्रशक्ती वापरणाऱ्या जागेसाठी, दहांची. चार-सहा मजुरांचा कारखाना दोहोंतूनही निसटला.

मालकाचीही एक अडचण आहे. पुष्कळ लहान मागवाले व्यापाऱ्याच्या सुतावर ठरावीक दराने कापड विणून देतात. त्यांस ‘खर्चीवाले’ म्हणतात. व्यापाऱ्याने दर पाडला की त्यांच्याही हाती थोडेच उरते. अशा वेळी एकट्याने मजुरी वाढविली, तर शेजाऱ्याच्या स्वस्ताईपुढे त्याचा टिकाव लागत नाही.

यास्तव तेथील मजूर संघांनी एकेका मालकाशी न झगडता साऱ्या गावासाठी एकच दर मागितला. २०१३ च्या दीर्घ संपानंतर झालेल्या करारात महागाईच्या मानाने दरवर्षी मजुरी वाढविण्याचे तत्त्व आले. त्याच्या अंमलबजावणीवरून पुढेही तंटे झाले. तरी तत्त्वाचे मोल त्यामुळे उणे होत नाही.

गावभर एक दर पाळला गेला, तर भल्या मालकास शेजाऱ्याची धास्ती उरत नाही, आणि मजुरास मजुरीसाठी कोणाचे मिंधे व्हावे लागत नाही. उचल ही मेहरबानी असू शकेल; घामाचा दर मात्र मेहरबानीवर सोपविता येत नाही.