फोड बरा झाला, पुढे काय?



आजचा विषय जाहीर झाल्यावर ‘व्याख्यान सहकुटुंब ऐकण्याजोगं आहे ना?’ अशी विचारणा संयोजकांकडे झाली म्हणे. माझ्या मते ते सहकुटुंबच ऐकावं. गुप्तरोगाच्या तपासणीला माझ्याकडे येणारे बहुतेक जण मुलाबाळांचे, हप्ते भरणारे, चतुर्थी पाळणारे संसारी लोक असतात.

जननांगाच्या हर्पिसची सुरुवात चुरचुरीने होते. मग मोहरीएवढे पाण्याचे फोड घोळक्याने उठतात, फुटतात, त्यांच्या उथळ जखमा होतात. लघवीला जाताना जीव जातो, जांघेत अवधाण येतं. पहिला झटका दोन-तीन आठवडे छळतो आणि औषध घेतलं नाही तरी ओसरतो. इथेच घोटाळा होतो. त्या दिवसांत मेडिकलमधून जे काही मलम आणलेलं असेल, त्याला सगळं श्रेय मिळतं. या मलमांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं, ते या जखमेवर लावायचं नसतं. पण फोड गेला, मलम लागू पडलं आणि विषय संपला, असं माणूस धरून चालतो.

विषाणू मात्र कुठेही गेलेला नसतो. पाठीच्या कण्याच्या तळाशी मज्जातंतूंच्या गाठी आहेत, तिथे तो जन्मभर मुक्काम ठोकतो. ताप आला, ताण वाढला, काही बायकांना पाळी जवळ आली, की तो पुन्हा वर येतो. कित्येकदा फोड न येताच तो त्वचेवर उतरतो आणि त्या दिवशीही जोडीदाराला लागण होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 15 ते 49 वयोगटातल्या दर पाच जणांत एकाहून अधिकांना जननांगाच्या हर्पिसची लागण आहे. बहुतेकांना त्याचा पत्ताच नसतो. (नागीण ती वेगळी. ती कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते. दोन्हींच्या चिठ्ठीवर ‘हर्पिस’ लिहिलेलं पाहून कमरेला नागीण झालेले आजोबाही उगाच ओशाळतात.)

नवरा-बायको समोर बसले, की पहिला प्रश्न येतो, ‘डॉक्टर, हे कोणाकडून आलं?’ याचं उत्तर कोणत्याही प्रयोगशाळेकडे नाही. लागण कधीची, हे रक्त सांगत नाही. वर्षानुवर्षं गप्प बसलेला विषाणू लग्नानंतर दहा वर्षांनीही पहिला फोड दाखवू शकतो. ओठांवर येणाऱ्या फोडांचा विषाणूही मुखमैथुनातून खाली पोहोचतो. या एका प्रश्नापायी मी संसार विस्कटताना पाहिले आहेत. ज्या प्रश्नाने काही हाती लागतं, तो मात्र क्वचितच कुणी विचारतं: ‘आमची एचआयव्हीची तपासणी करायची का?’

करायची. दोघांची. जननांगाच्या हर्पिसचा मुख्य विषाणू अंगात असेल, तर एचआयव्हीची लागण होण्याचा धोका सुमारे तिपटीने वाढतो. उघड्या जखमेतून एचआयव्ही आत शिरणार, हे कुणालाही पटतं. मग हर्पिस आवरला की एचआयव्हीही आवरेल, हा तर्कही सरळ होता. असायक्लोव्हिर हे हर्पिसचं औषध रोज देऊन तो आफ्रिका, पेरू आणि अमेरिकेत पडताळला गेला. 2008 साली निकाल आला. फोड कमी झाले, एचआयव्हीची लागण कमी झाली नाही. पुढच्याच वर्षी सिएटलच्या संशोधकांनी बऱ्या झालेल्या फोडांच्या जागेतले त्वचेचे बारीक तुकडे तपासले. वरून कातडी स्वच्छ होती. खाली मात्र, एचआयव्ही ज्यांच्यावर झडप घालतो त्याच सीडी-4 पेशी आठवडेच्या आठवडे ठाण मांडून होत्या. म्हणजे बरा झालेला फोडही पुरता बरा नसतो.

असायक्लोव्हिर निरुपयोगी आहे, असं कृपा करून समजू नका. दुखणं लवकर थांबतं, झटके कमी होतात. सरकारी रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये हर्पिससाठी लाल रंगाचं किट फुकट मिळतं. 400 मिलिग्रॅमच्या गोळ्या, दिवसातून तीनदा, सात दिवस. गरोदर बाईने मात्र फोडांची गोष्ट प्रसूतीच्या डॉक्टरांपासून लपवू नये. शेवटच्या महिन्यांतली पहिली लागण बाळाच्या जिवावर बेतू शकते.

आता तपासणी. एचआयव्ही वर्षानुवर्षं काहीच दाखवत नाही, त्यामुळे लक्षणांची वाट पाहणं व्यर्थ आहे. सरकारी आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्रात, आधी समुपदेशक बोलतात, संमती घेतात, मग रक्त घेतात. पहिल्या चाचणीत काही आढळलं, तर वेगळ्या किटांनी आणखी दोन चाचण्या होतात आणि मगच निदान ठरतं. पैसे लागत नाहीत. 2017च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमती आणि गोपनीयता बंधनकारक केली आहे. लागण नुकतीच झाली असेल तर चाचणी चुकू शकते, म्हणून धोक्याच्या प्रसंगानंतर तीन महिन्यांनी पुन्हा यायचं असतं. पहिला अहवाल ‘निगेटिव्ह’ आला की पेढे वाटल्याच्या आनंदात लोक ही दुसरी फेरी विसरतात. ज्यांचे जोडीदार बदलतात किंवा एकाहून जास्त आहेत, त्यांनी दर सहा महिन्यांनी तपासावं. अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आलाच, तर 2004 पासून एचआयव्हीला आवरणारी एआरटीची औषधं सरकार मोफत देतं. ती नेमाने घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा झाला, आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराकडे जात नाही.

आपल्याकडे या चाचणीत बायका पुढे आहेत, पण स्वतःहून नव्हे. दिवस गेले की सरकारी दवाखान्यात इतर तपासण्यांबरोबर त्यांची ही तपासणी होते. नवरा त्या वेळी बाहेर चहाच्या टपरीवर असतो आणि बायकोच्या ‘निगेटिव्ह’ कागदावर स्वतःलाही निरोगी ठरवून टाकतो. तिचा अहवाल तिच्यापुरताच असतो. जोडप्यात एकाला एचआयव्ही असून दुसऱ्याला नसणं हे वैद्यकात रोजचं आहे. सभागृहात पुरुष मंडळी बरीच दिसताहेत. आयसीटीसीत समुपदेशक तुम्हाला चारित्र्याचा दाखला मागत नाहीत, बायकोची चिठ्ठीही मागत नाहीत. नजीकचं केंद्र ठाऊक नसेल तर 1097 या क्रमांकावर फुकटात विचारता येतं, नाव न सांगता.