प्रकल्प संपल्यानंतरचे काम

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील व्याख्यान)



प्रकल्पपद्धती हा शब्द अध्यापक विद्यालयात शिकलेल्या प्रत्येकाच्या परिचयाचा आहे. अमेरिकन शिक्षणशास्त्रज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ साली या पद्धतीवर जो निबंध लिहिला, त्यात प्रकल्पाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत : हेतू ठरविणे, योजना आखणे, ती पार पाडणे आणि झालेल्या कामाचे परीक्षण करणे. यांपैकी पहिल्या तीन पायऱ्या शाळाशाळांतून बऱ्यावाईट रीतीने चढल्या जातात. चौथी मात्र बहुधा राहून जाते. तक्ता भिंतीवर लागला, पाहुणे पाहून गेले, आकारिक मूल्यमापनाच्या नोंदवहीत गुण चढले, की प्रकल्प आटोपला असे समजले जाते. वस्तुतः मुलाच्या दृष्टीने त्या दिवशी तो अर्धाच झालेला असतो. आजचे विवेचन या राहून जाणाऱ्या चौथ्या पायरीविषयी आहे. आणि नुसत्या तत्त्वचर्चेपेक्षा एका खऱ्या घडलेल्या उदाहरणाच्या आधाराने ते केलेले बरे.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डेव्हन नावाचा परगणा आहे. त्यातील ब्लॅकॉटन हे एक लहानसे खेडे. तेथील प्राथमिक शाळेतल्या आठ ते दहा वर्षे वयाच्या पंचवीस मुलांनी मधमाश्यांवर एक संशोधन केले, आणि त्याचा वृत्तांत लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ‘बायॉलॉजी लेटर्स’ या नियतकालिकाने डिसेंबर २०१० मध्ये प्रसिद्ध केला. ज्या संस्थेचे अध्यक्षपद एकेकाळी न्यूटनने भूषविले, तीच ही संस्था. लेखक म्हणून प्रथम शाळेचे नाव आहे आणि त्यामागोमाग मुलांची नावे आहेत. मुलांना साह्य होते ते शाळेचे मुख्याध्यापक डेव्ह स्ट्रडविक आणि बो लॉटो नावाचे मेंदूशास्त्रज्ञ यांचे. साह्य होते असे म्हणावयाचे ते अशासाठी, की प्रश्न मुलांचे होते, कोडे मुलांनी रचले होते आणि वृत्तांतही मुलांच्याच शब्दांत होता.

कामाचा आरंभ झाला तो खेळांपासून. लॉटो यांची भूमिका अशी, की विज्ञान हा एका अर्थी नियम असलेला खेळच होय. तेव्हा मुलांस आधी खेळ आणि कोडी द्यावीत, आणि मग त्यांस विचारावे की मधमाशीला कोडे घालावयाचे झाल्यास ते कसे घालाल? मुलांनी पुष्कळ प्रश्न काढले, आपसांत वाद घातले आणि अखेर एका प्रश्नावर ती स्थिरावली. मधमाशी नुसता रंग ओळखते, की त्या रंगाच्या भोवती काय आहे याचाही विचार करते?

यासाठी बंबलबी नावाच्या माश्या घेतल्या होत्या. ही माशी जाडजूड व केसाळ असते आणि पाहताक्षणी आपल्याकडील भुंग्याची आठवण करून देते. गावातल्या जुन्या चर्चमध्ये पारदर्शक प्लास्टिकची, सुमारे एक मीटर लांबीरुंदीची पेटी ठेवण्यात आली. तिच्या एका बाजूस प्रकाशाच्या चार पट्ट्या होत्या. प्रत्येक पट्टीवर रंगीत प्रकाशाची सोळा वर्तुळे, म्हणजेच सोळा ‘फुले’. काही पट्ट्यांवर कडेची बारा फुले पिवळी आणि मधली चार निळी होती. उरलेल्यांवर कडेची निळी आणि मधली पिवळी होती. साखरेचे पाणी मात्र सर्वत्र मधल्या चार फुलांतच. कडेच्या फुलांत मिठाचे पाणी. यातील चतुराई ध्यानात घ्यावी. ‘निळ्या फुलावर जावे’ एवढेच शिकणारी माशी निम्म्या पट्ट्यांवर फसणार. ‘पिवळ्यावर जावे’ एवढेच शिकणारी उरलेल्या निम्म्यांवर फसणार. कोडे सुटावयाचे तर रंगाबरोबर शेजारही पाहावयास हवा.

माश्या ओळखू याव्यात म्हणून त्यांच्या अंगावर निरनिराळ्या रंगांचे ठिपके दिले होते. काही दिवस त्यांस सराव देऊन मग चाचणी घेतली. त्या वेळी कोणत्याच फुलात काही ठेवले नव्हते. तरीही दर शंभर निवडींत नव्वदांच्या आसपास निवडी माश्यांनी अचूक, म्हणजे मधल्या फुलांच्या केल्या.

एखाद्या शाळेत येथे टाळ्या झाल्या असत्या आणि तक्ता रंगविण्यास घेतला असता. ब्लॅकॉटनच्या मुलांनी तसे केले नाही. माश्यांनी रंग आणि शेजार पाहून निवड केली, की ‘मध्यभागी जावे’ एवढी सोपी गोष्टच त्या शिकल्या, हा प्रश्न उरला होता. म्हणून दुसऱ्या चाचणीत मधली चार फुले हिरवी केली. माश्या केवळ मध्यभाग शिकल्या असत्या तर त्यांनी हिरव्या फुलांवरही तशीच गर्दी केली असती. तशी गर्दी झाली नाही. मग आणखी एक शंका निघाली : ज्या रंगाची फुले संख्येने थोडी, त्यांवर जावे असा तर त्यांचा नियम नसेल? त्यासाठी तिसरी चाचणी योजली आणि वेगळ्या रंगाची चार फुले मध्यभागी न ठेवता कोपऱ्यांत ठेवली. या सर्वांवरून मुलांनी निष्कर्ष काढला तो असा, की कोणत्या फुलावर जावयाचे हे ठरविताना या माश्या रंग आणि रंगांची मांडणी यांची सांगड घालू शकतात. सर्व माश्यांची रीत एकसारखी नव्हती, हेही त्यांनी मोकळेपणाने नोंदविले.

परीक्षण म्हणतात ते हेच. काम झाल्यावर ‘छान झाले’ किंवा ‘मजा आली’ असे म्हणणे हे परीक्षण नव्हे. ‘आपल्याला जे कारण वाटते त्याच कारणाने हे घडले कशावरून?’ असे स्वतःला विचारणे हे परीक्षण होय. नऊ वर्षांच्या मुलास हे जमते, फक्त त्याला तेवढी उसंत मिळावयास हवी.

वृत्तांताच्या लेखनाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. त्याची सुरुवात एखाद्या गोष्टीसारखी आहे. आकृत्या मुलांनी रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या आहेत. पूर्वीच्या संशोधनाचे दाखले त्यात नाहीत, कारण ते ग्रंथ त्या वयाच्या मुलांस वाचता येण्याजोगे नव्हते आणि न वाचलेल्या गोष्टींचे दाखले देणे अप्रामाणिक ठरले असते. संख्याशास्त्राची अवजड साधनेही नाहीत. नियतकालिकाने लेखासोबत लॉरेन्स मलोनी आणि नताली हेम्पेल द इबारा या दोन तज्ज्ञांचे भाष्य छापले. प्रयोग आटोपशीर असले तरी त्यांची आखणी चतुर व बिनचूक आहे, असा त्याचा आशय होता. शुद्धलेखनाने नव्हे तर आखणीने हे काम मान्यतेस पात्र ठरले. शेवटी मुलांनी स्वतःविषयीही लिहिले : पूर्वी कोणीच न केलेली गोष्ट करावयास मिळते म्हणून विज्ञान आनंदाचे आहे, अशा अर्थाचे. पुढे २०१२ साली एडिंबरो येथील एका मोठ्या व्याख्यानसभेत या गटातील बारा वर्षांच्या एका मुलीने लॉटो यांच्यासमवेत उभे राहून आपल्या कामाची हकीकत सांगितली. आपण केलेले काम सांगावयाचे असल्याने तिला पाठांतराची गरज नव्हती.

आता आपल्या शाळांकडे वळू. येथे शास्त्रज्ञ नाही, प्रकाशाची पेटी नाही, पुष्कळ ठिकाणी दोन शिक्षक आणि चार वर्ग आहेत. शिवाय एक सूचना आधीच दिलेली बरी : मुलांस मोहोळापाशी नेऊ नये. आग्यामाश्यांचे मोहोळ हा प्रयोगाचा विषय नव्हे. परंतु माश्यांचेच काम पाहावयाचे असेल तर भोपळ्याचा वेल पुरेसा आहे. भोपळ्याला नरफूल आणि मादीफूल वेगवेगळे येते. मादीफुलाच्या पाकळ्यांखाली इवलेसे फळ दिसते म्हणून ते मुलांस सहज ओळखता येते. फूल पहाटे उमलते आणि दुपार होण्याच्या सुमारास मिटते, त्यामुळे दहा-साडेदहाच्या शाळेत हे काम साधणार नाही. शनिवारची सकाळची शाळा त्यास सोयीची.

समजा, चौथीच्या मुलांनी दोन गट करून एकेक वेल अर्धा तास पाहिला. एका गटाने चौदा माश्या लिहिल्या, दुसऱ्याने एकेचाळीस. येथे शिक्षकाच्या तोंडी पहिले वाक्य येते ते ‘कोणाचे तरी चुकले’ हे. ते गिळावे आणि दोन्ही गटांस समोरासमोर बसवून ‘तुम्ही मोजले तरी काय?’ एवढेच विचारावे. बोलता बोलता उघड होईल, की पहिला गट माश्या मोजत होता आणि दुसरा माश्यांच्या फेऱ्या. तीच माशी चार फुलांवर बसली तर दुसऱ्यांनी चार धरल्या. मग फुलावरून उठून गेलेली माशी परत आली, तर ती तीच की दुसरी, हे पहिल्या गटाने कसे ओळखले, असा उलट प्रश्नही निघेल. ब्लॅकॉटनच्या मुलांना माश्यांवर ठिपके का द्यावे लागले, ते येथे आपोआप उमगते. हा अर्ध्या तासाचा वाद प्रकल्पाच्या सुबक तक्त्याहून कितीतरी मोलाचा आहे, आणि तोच बहुधा तक्त्यावर येत नाही. येतो तो शिक्षकाने ठरविलेला एक नीटनेटका आकडा.

परीक्षणासाठी मुलांस विचारावयाचे प्रश्न फार नसावेत. सुरुवातीला काय होईल असे वाटले होते, प्रत्यक्षात काय झाले, कोठे अडले, गटात भांडण झाले काय व ते कसे मिटले, पुन्हा करावयाचे तर काय बदलाल, आणि अजून काय कळले नाही. यांतील भांडणाचा प्रश्न शिक्षक सहसा गाळतात. तो गाळू नये. ‘गणना मीच करणार म्हणून तो हटून बसला, मग आम्ही पाळ्या लावल्या’ असे एखाद्या मुलीने लिहिले, तर सहकार्यावरील दहा ओळींच्या निबंधापेक्षा तिला सहकार्य अधिक कळले आहे.

ज्यास लिहिता येत नाही त्याने सांगावे आणि शिक्षकाने लिहून घ्यावे. मूल अहिराणीत, वऱ्हाडीत, गोंडीत, भिलीत जसे बोलेल तसेच ते उतरवून घ्यावे. प्रमाणभाषेचा धडा दुसऱ्या तासाला घेता येतो. माशीला त्याच्या घरी जे नाव असेल तेच प्रथम वहीत यावे. पोया, फुलोरी, सातेरी ही नावे पुस्तकातील छापील चित्रावरून मागाहून जुळविता येतील.

आता सादरीकरण. प्रदर्शनाच्या दिवशी जे दृश्य ठिकठिकाणी दिसते, ते सर्वांच्या परिचयाचे आहे. वर्गातील एक चुणचुणीत मुलगी पुढे उभी असते. शिक्षकाने लिहून दिलेला मजकूर ती एका दमात म्हणते. उरलेली पाच मुले तक्त्याची टोके धरून उभी असतात. पाहुण्यांनी मध्येच काही विचारले की तिचा धागा तुटतो आणि ती पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू करते. (पाहुण्यांविषयीही एक शब्द. ते उशिरा येतात आणि मुलांपेक्षा अधिक वेळ बोलतात. पत्रिका काढतानाच त्यांच्या भाषणाची मिनिटे ठरवून टाकावीत.) तक्ता धरणाऱ्या त्या पाच मुलांचे त्या दिवशी काय होते, याचा विचार व्हावयास हवा. त्यांनीही वेल पाहिला होता, फुले मोजली होती. काम आपले होते आणि बोलणे दुसऱ्याचे, हे त्यांस त्या दिवशी कळते. आणि पुढच्या प्रकल्पात ती मुले कामही सोडून देतात. दुकानात तयार मिळणारा प्रकल्प विकत आणण्याची वाट बहुधा येथूनच सुरू होते.

यावर उपाय साधा आहे. ज्याने जे केले ते त्याने सांगावे, दोन वाक्ये का होईना. पाणी घालणाऱ्याने पाण्याविषयी, मोजणाऱ्याने मोजणीविषयी, चित्र काढणारीने चित्राविषयी. शब्द अडखळले तर अडखळू द्यावेत. प्रश्न आला आणि उत्तर माहीत नसले तर ‘हे आम्ही पाहिले नाही’ असे म्हणण्याची मुभा आणि सवय मुलांस आधीपासून असावी. ते उत्तर कमीपणाचे नव्हे. श्रोते म्हणून शाळा व्यवस्थापन समितीच्या सभासदांखेरीज ज्यांच्या शेतातला तो वेल होता, त्या आजींनाही बोलवावे. त्या जे विचारतील ते पाहुणे विचारणार नाहीत : फूल गळून गेले ते माशी न आल्यामुळे की पाऊस लागल्यामुळे? आणि मुलांना पुन्हा वेलाकडे जावे लागेल.

वेळ नाही, ही अडचण खरी आहे. वर्षाला सहा प्रकल्प करून एकाचेही परीक्षण न करण्यापेक्षा सत्राला एक करावा आणि त्याच्या परीक्षणास दोन तासिका द्याव्यात. परिसर अभ्यासाचा, भाषेचा आणि गणिताचा वेळ त्यात सामावतो. त्या एकेचाळीस फेऱ्यांचा स्तंभालेख हे गणितच आहे.

राहिला गुणांचा प्रश्न. ज्या गटाची मोजणी बिघडली, पावसाने फुले झोडपून काढली किंवा शेळीने वेल खाल्ला, त्या गटास गुण कसे द्यावयाचे असे शिक्षक विचारतात. बिघडलेली मोजणी जशी झाली तशी वहीत असेल, शेळीचा उल्लेख असेल आणि पुढच्या वेळी कुंपण कसे घालावयाचे याचा विचार असेल, तर आकारिक नोंदीत त्या गटास पूर्ण गुण द्यावेत आणि कारणही तेथेच लिहावे. मुलांच्या या वह्या वर्षअखेरीस रद्दीत न घालता वर्गातील कपाटात ठेवाव्यात. ‘अजून काय कळले नाही’ हे पान पुढच्या वर्षीच्या चौथीला जूनमध्येच वाचून दाखवावे. भोपळ्याच्या बिया लावण्याची वेळही तीच असते.